चार तुकड्यांचा हिशेब

दोन फूट लांब, दोन फूट रुंद पट. त्यावर कापडाची टेकडी, स्पंजची झाडे आणि समोरासमोर उभे ठाकलेले, अंगठ्याच्या पेराहून लहान असे धातूचे सैनिक. एकीकडे रोम, दुसरीकडे कार्थेज. रोमच्या डाव्या बगलेवर घोडदळाची एक तुकडी शत्रूच्या दोन तुकड्यांच्या कचाट्यात सापडली आहे. रोमचा खेळाडू फासा टाकतो. दोन पडतात. म्हणजे या पाळीत त्याला दोनच हुकूम देता येतील. त्यातल्या एका हुकमात उजवीकडची पाच तुकड्यांची सलग फळी एकदम पुढे सरकू शकते. तिथे शत्रू मोडकळीला आला आहे. पण डावीकडे घोडदळ अडकले आहे ना! खेळाडू दोन्ही हुकूम डावीकडे खर्च करतो आणि दोन तुकड्या मदतीला धाडतो. पुढच्या पाळीत फासा एक दाखवतो. तोवर मदतीला गेलेल्यांपैकी एकीची बगल उघडी पडलेली असते. "आता इतके पाठवलेच आहेत, तर अर्ध्यावर कसे सोडायचे," असे म्हणत तो तो एक हुकूमही तिकडेच देतो. अर्ध्या तासात घोडदळ जाते, मदतीला गेलेल्या दोन्ही तुकड्या जातात. उजवीकडची फळी जागची हललेली नसते आणि मोडकळीला आलेल्या शत्रूला सावरायला भरपूर वेळ मिळालेला असतो.

बुडत्याचा पाय खोलात, ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली त्याने असाच एखादा डाव पाहिला असावा.

या खेळाचे नाव 'डी बेलिस अँटिक्विटाटिस'. खेळणारे त्याला 'डीबीए' म्हणतात. त्याचे नियम इंग्लंडमध्ये १९९० साली प्रसिद्ध झाले, पण छोटे सैनिक रंगवून त्यांच्या लढाया टेबलावर खेळण्याचा छंद तिथे बराच जुना. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे नियमांचे पुस्तकच काढले होते. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे सैनिक खरोखर पाडायचे असत. पुढे १९६२ मध्ये 'वॉर गेम्स' हे पुस्तक लिहून ज्यांनी हा छंद सामान्य माणसापर्यंत नेला ते डोनाल्ड फेदरस्टोन पेशाने फिजिओथेरपिस्ट होते, दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात राहून आलेले. आज जगभर खेळला जाणारा 'वॉरहॅमर ४०,०००' हा १९८७ चा. आपल्याकडे बुद्धिबळाइतका हा प्रकार परिचित नाही, म्हणून डीबीएचे दोन-चार नियम सांगणे भाग आहे.

प्रत्येक बाजूला १२ तुकड्या. दोन तुकड्या भिडल्या की दोघेही फासा टाकतात आणि त्यात आपापल्या तुकडीचे बळ मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो सहसा मागे ढकलला जातो. निम्मी किंवा त्याहून कमी भरली तर तुकडी बहुधा पटावरून उठते. मात्र बगलेला शत्रू चिकटलेला असेल तर मागे सरकण्याची सोय राहत नाही. मग एका गुणाने हरली तरी तुकडी जाते. आणि शेवटचा नियम असा : ज्याच्या चार तुकड्या गेल्या, आणि त्या समोरच्याच्या गेलेल्यांपेक्षा जास्त असल्या, तो हरला. बारापैकी चार. आठ तुकड्या धडधाकट उभ्या असताना डाव संपतो.

नवखा खेळाडू हा नियम धोक्याची सूचना म्हणून वाचतो. मुरलेला खेळाडू तो अंदाजपत्रक म्हणून वाचतो. चारला हार आहे, याचाच अर्थ तीन तुकड्या गमावण्याची मुभा पहिल्या फाशाआधीपासून हातात आहे. ही रक्कम खर्च करण्यासाठीच दिलेली आहे. प्रश्न फक्त कुठे, केव्हा आणि कशाच्या बदल्यात एवढाच. जो खेळाडू एकही तुकडी जाऊ द्यायची नाही अशा निर्धाराने बसतो, त्याच्या बहुधा चार जातात.

वरच्या डावात घोडदळ कचाट्यात सापडले त्याच क्षणी ते जवळजवळ गेलेले होते. एका गुणाने हरले तरी उठणार, अशी त्याची अवस्था. तेव्हा विचारायचा प्रश्न 'त्याला वाचवायचे कसे' हा नव्हताच. त्याला खाण्यासाठी शत्रूच्या दोन तुकड्या तिकडे अडकून पडल्या आहेत, तेवढ्या वेळात उजवीकडे काय साधता येईल, हा प्रश्न होता. घोडदळ जिवंत होते तोवर ते एकटे दोघांना रोखत होते. तीच त्याची शेवटची आणि मोठी कामगिरी होती, आणि खेळाडूने नेमकी तीच वाया घालवली.

यात बुद्धीचा दोष फारसा नाही. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात एक साधा प्रश्न मांडला आहे. हमखास ३,००० मिळणार, की ८० टक्के शक्यतेने ४,००० आणि नाहीतर काहीच नाही? शंभरातले ८० लोक हमखास मिळणारे ३,००० घेतात. आता तोच प्रश्न उलटा : हमखास ३,००० जाणार, की ८० टक्के शक्यतेने ४,००० जाणार आणि नाहीतर काहीच जाणार नाही? इथे शंभरातले ९२ जुगार पत्करतात. जुगारातली सरासरी हानी ३,२०० भरते, म्हणजे हिशेबाने तो वाईट सौदा. पण त्यात 'कदाचित काहीच जाणार नाही' अशी एक फट असते आणि माणसाचे मन त्या फटीत घुसते. मिळकतीच्या बाबतीत सावध असणारा माणूस नुकसानीच्या तोंडाशी आला की बेभान होतो. द्यूताच्या पटावर धर्मराजाचे दुसरे काय झाले?

त्यात भर पडते ती बुडित खर्चाची. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की नाटकांच्या हंगामी तिकिटाला ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त वेळा नाटकाला गेले. नाटके सगळ्यांना तीच होती. फरक होता तो आधी गेलेल्या पैशांचा, जे नाट्यगृहात जाऊन परत मिळणार नव्हतेच. "इतके पाठवलेच आहेत तर" हे वाक्य पटावर म्हटले काय आणि तिकीट हातात धरून म्हटले काय, ते एकाच मुशीतून येते.

बुद्धिबळातही मोहरा सोडावा लागतो, मग याच खेळाचे कौतुक कशाला? कारण बुद्धिबळात फासा नसतो. वजिराचा बळी देणाऱ्याने पुढच्या चाली नीट मोजल्या असतील तर मात होणारच असते. टेबलावरच्या युद्धात तशी हमी कधीच नसते. योग्य तुकडी सोडूनही हार होते, चुकीची तुकडी वाचवूनही कधी कधी जीत होते. दोन फाशांवर नऊ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी १०. ते पडलेच, तर ज्याने असा वेडा डाव लावला तो स्वतःला सेनापती समजू लागतो. निर्णय चांगला की वाईट हे निकालावरून ठरवायचे नाही, ही गोष्ट फासा वारंवार कानीकपाळी सांगतो. वैद्यकाचे काम बुद्धिबळापेक्षा या खेळाच्या कितीतरी जवळचे आहे.

आजाराबद्दल बोलताना आपण सगळे युद्धाचीच भाषा वापरतो. रुग्ण 'लढा' देतो, डॉक्टर 'शर्थीचे प्रयत्न' करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'मृत्यूशी झुंज अपयशी' असा मथळा येतो. युद्धाची उपमा घ्यायला हरकत नाही, पण ती अर्धीच घेतलेली आहे. त्यातली चढाई घेतली. माघार, बगल सोडणे, थोडे देऊन बरेच राखणे हे सगळे वगळले. रोगाविरुद्ध एक इंचही मागे न हटणारा रुग्ण शूर, आणि वेळेवर एक बोट देऊन पाय राखणारा? त्याच्यासाठी आपल्याकडे कौतुकाचा शब्दच नाही. टेबलावर शिशाचे सैनिक हलवणाऱ्यांना मात्र युद्धाची ही दुसरी बाजू पाठ असते. इसवी सनापूर्वी २१६ मध्ये कॅनी इथे हॅनिबलने आपली मधली फळी रोमनांच्या रेट्यापुढे मागे जाऊ दिली आणि दोन्ही बगलांनी त्यांना वेढले. पॉलिबियस या इतिहासकाराने दिलेल्या आकड्यांनुसार हॅनिबलचे सुमारे ५,७०० पडले. त्यातले ४,००० एकट्या केल्ट लोकांचे, म्हणजे मधल्या फळीतले. ती हानी बेतलेली होती. अर्थात ज्यांना मध्ये उभे केले त्या केल्टांना कुणी विचारले नव्हते, हेही लक्षात ठेवावे. शिशाच्या सैनिकांची गोष्ट वेगळी. डाव संपला की ते डब्यात जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहतात.

पण खेळावर खरी माणसे अवलंबून होती, असेही एकदा घडले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडणाऱ्या ब्रिटिश मालवाहू ताफ्यांना जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये एक छोटा विभाग सुरू झाला. प्रमुख कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये नौदलातून निवृत्त व्हावे लागलेला माणूस. हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली. जमिनीवर चौकटी आखून, खडूने मार्ग काढत, छोट्या जहाजांच्या प्रतिकृती सरकवत हे लोक लढाया खेळत. संरक्षक जहाजांची भूमिका करणाऱ्या अधिकाऱ्यांना पडद्याच्या भोकातून खऱ्या समुद्रात दिसेल तेवढेच दिसू देत. ताफ्यातले एक जहाज पेटले की संरक्षक जहाजे बाहेरच्या बाजूला धाव घेत, कारण टॉर्पेडो तिकडूनच आला असणार असे सगळे धरून चालत. खेळून पाहिल्यावर लक्षात आले, की पाणबुडी पाठीमागून ताफ्याच्या आतच शिरलेली असते. मग संरक्षक जहाजांनी ताफ्याभोवती आणि मागे शिस्तीत शोध घ्यायचा, अशी नवी चाल बसवली. जीन लेडलॉ या त्यांच्यातल्याच एका मुलीने तिला 'रास्पबेरी' असे नाव दिले. जॅनेट ओकेल या दुसऱ्या मुलीने संरक्षक जहाजांच्या बाजूने खेळताना पाणबुडीच्या बाजूने खेळणाऱ्या खुद्द अॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांना बुडवले. ते स्वतः जुने पाणबुडीवाले! युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी तिथे खेळून गेले.

या अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशात पहिले उद्दिष्ट होते ताफा सुखरूप आणि वेळेवर पोहोचवणे. पाणबुडी बुडवणे त्यानंतर. जळणाऱ्या जहाजाकडे डोळे लागणे स्वाभाविक, सूड घ्यावासा वाटणे त्याहून स्वाभाविक. पण ते जहाज गेलेले असते आणि तरंगणारी तीस-चाळीस जहाजे काळोखात पुढे चाललेली असतात. आजच्या वॉरहॅमरमध्येही हेच दिसते. डाव बहुतेक वेळा जिंकला जातो तो पटावरच्या नेमलेल्या जागा राखण्याच्या गुणांवर. जास्त सैनिक मारूनही खेळाडू हरतो आणि मग फाशाला शिव्या घालतो.

नौदलातूनच एक शब्द शस्त्रक्रियागृहात आला आहे : 'डॅमेज कंट्रोल'. जहाजाला भोक पडले की ते तिथेच पूर्ण दुरुस्त करत बसायचे नाही. पाणी आत येणे थांबवायचे, आग विझवायची, बुडालेला कप्पा बंद करायचा आणि बंदर गाठायचे. पोटात गोळी लागून प्रचंड रक्तस्राव झालेल्या रुग्णावर पूर्वी शल्यविशारद सगळी दुरुस्ती एकाच बैठकीत करायला जात. चार-पाच तास आतडे शिवण्यात जात. दरम्यान शरीर थंड पडे, रक्तातले आम्ल वाढे, रक्त गोठेनासे होई आणि सुंदर शिवलेले आतडे घेऊन रुग्ण दगावे. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मायकेल रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत मांडली. रक्तस्राव थांबवा, विष्ठा पसरणे थांबवा, पोट तात्पुरते झाका आणि अतिदक्षता विभागात न्या. उरलेले दीड-दोन दिवसांनी. मोठी रक्तवाहिनी आणि त्यासोबत दोन किंवा अधिक अवयव फुटलेल्या गटात जुन्या पद्धतीने ९ पैकी एक वाचला होता, नव्या पद्धतीने १३ पैकी १०. रुग्ण थोडे आहेत, पण फरक डोळ्यांत भरतो. कुशल हातांना सर्वांत जड काय गेले असेल, तर काम अर्धे टाकून टेबलापासून दूर होणे.

सरकारी रुग्णालयात ही परीक्षा सर्वांत जास्त वेळा होते ती मधुमेह्याच्या पायावर. पन्नाशीचा माणूस, दहा वर्षांची साखर, पायाची संवेदना गेलेली. काटा टोचला ते कळले नाही, करंगळी काळी पडली तेव्हा कळले. सूज वर चढते आहे, ताप आहे, जखमेला वास येतो आहे. करंगळी तातडीने काढायला हवी. बायको पदराने डोळे पुसत म्हणते, "साहेब, बोट तेवढं काढू नका. लागेल ते औषध आणतो." भाऊ म्हणतो, "एकदा कापायला सुरुवात केली की पुढं कापतच जातात." भावाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रक्तपुरवठाच खुंटलेला असेल तर बोटामागून पाऊल, पावलामागून पाय असे घडते. त्याने ते गावात पाहिलेले असते. पण अनेकदा ते घडते याचे कारण पहिले बोट चार दिवस उशिरा दिले हे असते. तीन दिवसांनी तीच मंडळी परत येतात तेव्हा सौदा बोटाचा उरलेला नसतो.

दोष सगळा नातेवाइकांच्या माथी मारणे सोयीचे आहे. पण डॉक्टरांचे मनही तीच माती. प्रतिजैविक दोनदा बदलले, तिसऱ्यांदा बदलू, "इतके दिवस पाहिलंच आहे, आणखी दोन दिवस पाहू" हे वाक्य राउंडमध्येही ऐकू येते. आणि प्रश्न मांडण्याची रीत तर आमूलाग्र चुकलेली. बार्बरा मॅक्नील आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. एकदा 'इतके जगतात' अशा शब्दांत, एकदा 'इतके दगावतात' अशा. आकडे तेच, पण दगावणाऱ्यांचा उल्लेख झाला की शस्त्रक्रियेकडचा कल घटला. आणि यात रुग्णांबरोबर डॉक्टरही होते. "बोट काढावे लागेल, सही करा" असे सांगणारा निवासी डॉक्टर घरच्यांसमोर फक्त नुकसान ठेवतो. मग ते शंभरातल्या त्या ९२ लोकांसारखे वागले तर नवल काय? पाय राखायचा आहे, त्यावर चालत घरी जायचे आहे, त्यासाठी करंगळी द्यावी लागेल, असे सांगायला दोन मिनिटे जास्त लागतात. बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत ती दोन मिनिटे कुठून आणायची, ही तक्रार खरी आहे. नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेला दोन तास सापडतात, हेही तितकेच खरे.

उलट बाजूचा धोकाही आहे. सोडून द्यायची घाई झालेला खेळाडूही हरतो. डीबीएचा नियम पुन्हा पाहिला तर दिसेल, की चार तुकड्या गेल्या तरी समोरच्याच्याही तेवढ्याच गेल्या असतील तर डाव चालूच राहतो. दोन्हीकडे तीन-तीन गेल्या असता घाबरून हात टेकणे म्हणजे हातातला डाव देणे. पायाचेही तसेच. कोरडी पडलेली, जंतुसंसर्ग नसलेली काळी करंगळी आणि ओली, सुजलेली, वास मारणारी करंगळी या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीच्या बाबतीत रक्तवाहिन्या तपासून, जिवंत आणि मृत भागातली सीमा स्पष्ट होईपर्यंत थांबणे बहुतेकदा शहाणपणाचे. कधी कधी ती आपोआप गळून पडते. दुसरीच्या बाबतीत तासांचा हिशेब असतो. कोणती केव्हा सोडायची, हे ओळखायला शिकलेला डोळा लागतो, आणि तो डोळा जिथे नाही अशा ठिकाणी शिल्लक पाय पाहून घाईने वर कापले गेल्याचीही उदाहरणे आहेत.

पटावरचे जुने खेळाडू एक साधी गोष्ट करतात. फासा हातात घेण्याआधी, डोके शांत असताना ते ठरवून ठेवतात की अमुक तुकडी अमुक रेषेच्या मागे ढकलली गेली, तर तिच्यासाठी आणखी हुकूम खर्च करायचे नाहीत. वॉर्डातही अशी एक जुनी रीत आहे, तिला बॉलपेन पुरते. पाऊल लाल झालेला, पण ताप नसलेला, नाडी आणि रक्तदाब ठीक असलेला, पायाची धमनी हाताला लागणारा रुग्ण दाखल झाला, की डॉक्टर लालीच्या कडेने त्वचेवर रेघ ओढतात आणि शेजारी वेळ लिहितात. सकाळी १०. घरच्यांना तेव्हाच सांगायचे : औषध सुरू केले आहे, लाली या रेघेच्या आत राहिली तर थांबू, रेघ ओलांडून वर चढली किंवा थंडी-ताप आला, तर बोट द्यायचे. तेव्हा पुन्हा चर्चा नाही. हे ऐकताना कुणी रडत नाही, कारण अजून काही गेलेले नसते. मग दिवसभर मुलगा दर तासाला चादर वर करून मोबाइलच्या उजेडात ती निळी रेघ बघतो, आणि संध्याकाळी सिस्टरला स्वतःच येऊन सांगतो, "लाली दोन बोटं वर गेली आहे. सही कुठं करायची?"